दोन बोटांची फट

४ मार्च

भावोजींना नमस्कार.

एरवी साष्टांग लिहितो. आज साधाच आहे, तो गोड मानून घ्यावा.

ताईचं कार्ड काल दुपारी मिळालं. वर घरची खुशाली, आणि खाली कोपऱ्यात एक ओळ: 'यांनी तुमच्या माशांच्या टाकीतले दगड एकदाचे नीट रचले. भिंत अशी झाली आहे की बघत राहावं.' ती ओळ मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून चार वेळा वाचली. भिंत! भावोजी, त्या टाकीत भिंत नव्हती. भिंत नव्हती म्हणूनच त्या टाकीत जीव नांदत होते.

निघताना मी तुमच्या हातात चार पानं दिली होती. पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती: 'दगडांना हात लावू नये.' पुढे पाणी किती घालायचं, दिवा कधी लावायचा, खाणं किती चिमटी टाकायचं. तीन महिने तुम्ही आणि ताई आमच्या घरात राहायला तयार झालात, याचे उपकार मी विसरलेलो नाही. पण पहिली ओळ सोडून वाचायला सुरुवात केलीत की काय?

फोनच केला असता. पण छिन्नी-हातोड्याने चाळीस वर्षांत तुमचे कान नेले, आणि ताईला मध्ये उभी करून तुमच्याशी भांडणं मला बरं वाटत नाही. म्हणून लिहितो आहे.

तुम्हाला ती शोभेची वस्तू वाटली असेल. चार फूट लांब आणि जेमतेम नऊ इंच रुंद. स्वयंपाकघराचं दार आणि बोळातली खिडकी यांच्यामध्ये तेवढीच जागा होती. तुम्ही सगळे हिला 'बाई' म्हणता, ती शाळेत शिकवते म्हणून. त्या बाईला एवढ्या अरुंद जागेत दगड लावायला चार रविवार लागले. कंबरेचं दुखणं तेव्हाच सुरू झालं होतं. स्टुलावर बसून, बाही खांद्यापर्यंत वर सारून, एकेक दगड ती पाण्यात धरायची, फिरवायची, पुन्हा बाहेर काढायची. मी पलीकडे माझ्या टेबलावर घड्याळं उघडून बसलेला असायचो. मला वाटायचं, ही माझ्याहून बारीक काम करते आहे. डावीकडे एक मोठा ढिगारा, उजवीकडे एक लहान, मध्ये मोकळी वाळू. मागच्या काचेपासून दोन बोटं, पुढच्या काचेपासून दोन बोटं. कुठलाच दगड उभ्या काचेला टेकलेला नाही.

आणि ते साधे दगड नाहीत. समुद्रातून आले आहेत. त्यांच्या छिद्राछिद्रांतून डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात आणि तेच टाकीतलं पाणी स्वच्छ ठेवतात. जिवंत दगड म्हणतात त्यांना, ते उगाच नाही.

मोठ्या ढिगाऱ्याखाली ते दोघं राहायचे. झिंगा अर्धा आंधळा, दिवसभर वाळू उपसून बीळ करत असतो. पिवळा मासा बिळाच्या तोंडाशी पहारा करतो. झिंग्याची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की मासा शेपटी हलवतो आणि झिंगा आत पळतो. संध्याकाळी झिंगा नांगी आपटतो, तेव्हा 'टक' असा आवाज येतो, काचेवर कुणी टिचकी मारावी तसा. तो ऐकला की ही म्हणायची, चला, दिवस पार पडला.

हिचं कंबरेचं ऑपरेशन होऊन वीस दिवस झाले. पाठीवर पडून असते. सकाळी डोळे उघडले की पहिला प्रश्न, "ते दोघं कसे आहेत?" मी आत्ताच देवापुढे हात जोडून आलेला असतो, आणि त्याच तोंडाने सांगतो, "मजेत." ही वेळ तुम्ही माझ्यावर आणलीत.

एकाच प्रश्नाचं उत्तर पाठवा. झिंगा जिवंत आहे का?

आपला मेहुणा


९ मार्च

घड्याळजीबुवांना साधा आशीर्वाद. जसा नमस्कार तसा आशीर्वाद.

पत्र मिळालं. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

तू ज्याला ढिगारा म्हणतोस त्याला आमच्या धंद्यात 'भिंत पडली' असं म्हणतात. बोट लावलं तर दगड डुलत होता. दगडाने डुलायचं नसतं. डुलतो तो लंबक. तुला दोन्हीतला फरक कळत नसेल तर तो माझा दोष नाही.

ऐक काय केलं ते. टाकीतलंच पाणी बादल्यांत काढलं. एकही दगड कोरडा पडू दिला नाही, कारण तुझ्या तिसऱ्या पानावर तसं लिहिलं आहे. म्हणजे वाचलं आहे. वाळू बाजूला सारून पाच थोरले दगड खालच्या काचेवर बसवले, चपटी बाजू खाली. त्यावर दुसरा थर, सांधे मोडून, म्हणजे सांध्यावर सांधा येऊ न देता. त्यावर तिसरा. पाठ मागच्या काचेला दिली, म्हणजे मागे पडायचा प्रश्नच नको. फटींत दगडाच्या बारीक चिपा भरल्या. सहा तास लागले. तुझी ताई दगड देत होती, मी लावत होतो. आता सुई घालून बघ, जाणार नाही.

चाळीस वर्षांत माझी एक भिंत पडलेली नाही. चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. शाळेचं कुंपण बांधलं तेव्हा इंजिनियर येऊन धक्का मारून गेला. त्याचा खांदा दुखला. आणि आज मला दगड कसा ठेवायचा हे कोण शिकवतो, तर भिंग डोळ्याला लावल्याशिवाय ज्याला स्वतःचं काम दिसत नाही तो!

पहिल्या ओळीखाली दोन रेघा होत्या, हे खरं. मग हात का लावला, हे विचारू नकोस. माझ्या डोळ्यांना बघवलं नाही, असं धर आणि गप्प बस.

मासा आहे. खातो. झिंगा कामात असेल. कामाचा माणूस सारखा दिसत नसतो.

बाईंना सांग, घर झाडलेलं आहे, तुळईसारखी सरळ भिंत आहे, काळजी करू नका. लवकर उठून बसा म्हणावं.

भावोजी


१५ मार्च

भावोजी,

'कामात असेल'! तीन आठवडे?

तुमचं पत्र मी हिला दाखवलेलं नाही. दाखवणारही नाही. डॉक्टर म्हणतात, तिने कशाचाही ताण घ्यायचा नाही. तेव्हा तुमची तुळईसारखी भिंत मी एकटाच उरावर घेऊन हिंडतो आहे.

तुमच्या हाताला नावं ठेवायची माझी छाती नाही. पण तुम्ही जन्मभर भिंती बांधल्यात त्या अडवण्यासाठी. माती अडवायला, गुरं अडवायला, पाणी अडवायला. या दगडांचं काम अडवणं नाही, जाऊ देणं हे आहे. पंपाने ढकललेलं पाणी ढिगाऱ्यांच्या पुढून, मागून, पोटातून फिरायला हवं. म्हणून ती दोन बोटांची फट. तुम्ही पाठ काचेला लावलीत आणि फटींत चिपा ठोकल्यात. आता मागे पाणी हलणार नाही. पडलेलं खाणं, मेलेले किडे, सगळा गाळ तिथे साचून कुजेल. दगडांतले जीव गुदमरतील. तुम्ही ज्याला चूक समजून बुजवलंत, त्या फटीतूनच ती टाकी श्वास घेत होती.

आणि झिंग्याचं बीळ मोठ्या ढिगाऱ्याखाली होतं. म्हणजे तुमच्या पाच थोरल्या दगडांपैकी एखादा त्याच्यावरच बसला असेल. चपटी बाजू खाली.

ताईला विचारा, संध्याकाळी 'टक' ऐकू येतो का. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला ठाऊक होतं. वाचताही येत नाही, हे ठाऊक नव्हतं.

ती भिंत पाडा. आजच्या आज.


२१ मार्च

पाडणार नाही.

लोकांच्या सांगण्यावरून स्वतःची भिंत मी कधी पाडली नाही आणि आता या वयात पाडणार नाही. ज्याच्या हाताखालचा दगड पडतो त्याने दुसऱ्याला पाड म्हणू नये.

पाण्याची खूण रोज बघतो. कमी झालं की घालतो. दिवा वेळेवर लावतो. तू नेमलेलं काम चोख चाललं आहे.

भावोजी

(याच पाकिटात घडी घातलेली चिठ्ठी)

धाकट्या,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ही चिठ्ठी आत सरकवते आहे. त्यांना ठाऊक नाही.

तुझी ती 'वाचता येत नाही' वाली ओळ वाचून ते ताटावरून उठले. टाकीसमोर जाऊन बसले. मी दोन वेळा बोलावलं. मग आठवलं, बोलावून काय उपयोग. तरी तिसऱ्यांदा हाक मारली, माझ्याच समाधानासाठी.

आता ऐक, आणि मान खाली घालून ऐक. तुम्ही गेल्याच्या आठव्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते. बोळातून धाडकन आवाज आला. तुझा तो टक नव्हे, कपाट आपटावं तसा. जाऊन बघते तर वरचा मोठा जांभळा दगड खाली घसरून पुढच्या काचेवर कोपऱ्याने टेकलेला. काचेवर पांढरी रेघ उमटलेली. मी धावत जाऊन यांच्या खांद्याला दोन बोटं लावली. मी तशीच बोलावते त्यांना, तुला माहीत आहे. यांनी आल्या आल्या हात पाण्यात घातला आणि दगड काचेपासून उचलून धरला. बादली रिकामी करून आणीपर्यंत पाव तास तसाच धरून उभे होते. खारं पाणी खांद्यापर्यंत, शर्टासकट.

मग दिवा धरून खाली बघितलं. म्हणाले, "हा दगड बाईंचा नाही."

मी म्हटलं, "कशावरून?"

"बाईंचा प्रत्येक दगड तळाच्या काचेवर नाहीतर दगडावर बसलाय. वाळूवर एकही नाही. याचा एक पाय वाळूवर होता. त्या किड्याने खालून वाळू उपसली, दगड आला खाली. दगड नवा दिसतो. हे तुझ्या भावाचं काम."

मी म्हटलं, लिहिते त्याला. तर म्हणाले, "अजिबात नाही. तो तिला पत्रं वाचून दाखवत असणार. आजारी बाईने पडल्या पडल्या नवऱ्याची चूक कशाला ऐकायची? माझ्या नावावर घाल. माझ्या नावाला काय झालंय!"

मग एक पडला तर बाकीच्यांचाही भरवसा नाही म्हणून त्यांनी सगळेच काढले. ते मात्र त्यांचंच डोकं. मी अडवायला हवं होतं. उलट मीच तुला कार्डावर कौतुक लिहून बसले.

टाकी बरी नाही, धाकट्या. पाणी दुधाळ झालं आहे. सकाळी झाकण उचललं की वास येतो. दगडांवर चिकटलेले फुलांसारखे जीव, ती केशरी फुलं, मिटली आहेत ती उघडत नाहीत. झिंगा भिंत झाल्यापासून दिसलेला नाही आणि टक एकदाही आला नाही. मासा एकटाच उजव्या टोकाला कोपऱ्यात तोंड करून बसतो. आणि हे दिवसातून तीन वेळा मला विचारतात, "आला का आवाज?"

मी मान हलवते. ते पुन्हा खुर्चीत बसतात.

ताई


२७ मार्च

ताई आणि भावोजी, दोघांना साष्टांग नमस्कार.

चिठ्ठी वाचली तेव्हा मी औषधांच्या रांगेत होतो. माझा नंबर आला, गेला, मला कळलंही नाही. मागच्या माणसाने ढकललं.

तो जांभळा दगड माझाच. निघायच्या आदल्या दिवशी आणला. परत आल्यावर हिला दिसेल, चकित होईल, असा बेत होता. तीन टोकांवर बसवला, दोन दगडावर आणि तिसरं वाळूवर. घड्याळातलं चाक जन्मभर दोन टोकांवर उभं राहतं, इथे तर तीन होती. मला वाटलं, पुष्कळ झाली. 'वाळूवर दगड ठेवू नये' हा हिचा नियम मीच माझ्या अक्षरात दुसऱ्या पानावर उतरवला होता. शाई वाळायच्या आत मोडला.

भावोजी, ती ओळ मी लिहायला नको होती. ती परत घेता येत नाही, कारण टपालात गेलेलं परत घेता येत नाही. पण तुमचे पाय धरतो.

तरीही राग जात नाही, हे खरं सांगतो. तुम्ही मला एक शब्द का कळवला नाहीत? माझी चूक मला कळायला नको? तुम्ही माझं पाप स्वतःच्या अंगावर घेऊन वर मलाच 'गप्प बस' म्हणता, याला काय म्हणायचं? कुणी आपल्यासाठी असं काही केलं की त्याच्यावर ओरडताही येत नाही. आता हा सगळा राग घेऊन मी कुठे जाऊ? काल दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन तासभर बसलो. हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना. एका झिंग्यासाठी देवाला त्रास द्यावा का? शेवटी दिलाच.

वाईट याहून पुढे आहे. गच्चीवरून खाली आलो तर सगळी पत्रं हिच्या छातीवर पसरलेली. उशीखाली ठेवली होती, तिथे नर्सच्या हाताला लागली आणि तिने ती हिला देऊन टाकली. ही नुसतं म्हणाली, "कागद द्या. आणि बाहेर जाऊन बसा."

सोबत तिचं पत्र आहे. मला वाचायला दिलेलं नाही.


२७ मार्च

भावोजी, वन्सं,

पडल्या पडल्या लिहिते आहे, अक्षराला हसू नका. मुलांना मी अशा अक्षराबद्दल दहा वेळा लिहायला लावते.

एक महिना मला रोज सकाळी "मजेत" असं उत्तर मिळतं आहे. पाठ मोडली होती माझी, डोकं नव्हे. माझ्याच टाकीची गोष्ट माझ्यापासून लपवायला दोन मोठी माणसं दोन गावांतून एवढी खटपट करतात आणि एकमेकांना वाटेल ते लिहितात! वर्गात असता तर दोघांनाही बाकावर उभं केलं असतं, एकमेकांकडे तोंड करून. यांनी दगड वाळूवर ठेवला. बरं, ठेवला. तुम्ही तो काढलात, काच वाचवलीत, त्याबद्दल पाया पडते. पण तिथे थांबायला काय झालं होतं? पडला होता एक. शिक्षा केलीत सगळ्यांना.

आता एक गोष्ट सांगते, ती यांनी भीतीने तुम्हाला कधी सांगितली नसेल. त्या झिंग्याचं नाव मी 'भावोजी' ठेवलं आहे. आणि माशाचं 'वन्सं'.

रागवायच्या आधी पुढचं वाचा. चार वर्षांपूर्वी तुमच्याकडे राहायला आले होते, तेव्हा अंगणात तुम्ही छिन्नीने पाटा टाकवत बसला होतात. दाराशी कुणी आलं की वन्सं उठून यायच्या, तुमच्या खांद्याला दोन बोटं लावायच्या, आणि तुमचा हातोडा थांबायचा. थांबायच्या आधी मागे वळून, कोण आलंय, खरंच आलंय का, असं तुम्ही एकदाही बघितलं नाहीत. आधी थांबायचात, मग बघायचात. पुढे हे दोघं टाकीत आले, आणि मिशी माशाच्या अंगाला टेकवून तो झिंगा काम करताना मी पहिल्यांदा बघितला, तेव्हा दुसरं नावच सुचलं नाही. गेलं वर्षभर मला उठवत नव्हतं, बसवत नव्हतं. तेव्हा त्या दोघांकडे बघत मी दिवस काढले आहेत. म्हणून मला तो हवा आहे. नुसता झिंगा म्हणून नव्हे.

आता काम. भिंत पाडायची नाही. एकदम पाडली तर मागचा सगळा गाळ उठेल आणि जे अजून जगले आहेत तेही जातील. रोज एक दगड काढायचा. आधी चिपा, मग वरचे. काढलेल्या जागेचा गाळ नळीने ओढून घ्यायचा, तेवढंच नवं खारं पाणी घालायचं. चौथ्या पानावर ते कसं करायचं ते आहे. काढलेल्या दगडांचा उजवीकडे लहान ढिगारा करायचा, काचेवर, वाळूवर नव्हे. मागे दोन बोटं मोकळी.

कुठला दगड आधी काढायचा हे मी सांगणार नाही. ते मला कळत नाही आणि यांना तर नाहीच नाही. चाळीस वर्षं तुम्ही भिंत कुठल्या दगडाने उभी राहते ते बघितलंत. आता कुठला दगड काढला तरी ती उभी राहते, ते बघा. हे दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

तो गेला असेल तर तसं लिहा. 'कामात आहे' असं लिहू नका.

बाई


१४ एप्रिल

बाईंना आशीर्वाद. घड्याळजीलाही, पूर्ण.

बाईंचं पत्र तुझ्या ताईने मला मोठ्याने वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. वाचता येतं, हे घड्याळजीने नोंदवून ठेवावं.

पहिले दोन दिवस काही केलं नाही. रागात होतो. कशाचा ते सांगत नाही. तिसऱ्या दिवशी खुर्ची टाकीसमोर घेतली आणि तासभर नुसती भिंत बघितली. बांधताना माणूस पुढचा दगड बघतो. काढायला बसलं की सगळी भिंत बघावी लागते. हे मला साठाव्या वर्षी कळलं.

पहिल्या दिवशी चिपा काढल्या. मूठभर. प्रत्येक चिप मीच ठोकून बसवलेली, ती निघताना हाताला लागत होती. दुसऱ्या दिवसापासून रोज एक दगड. बाई, वास होता. तुमचं म्हणणं बरोबर होतं. तिसरा थर काढला तेव्हा मागे काळं साचलेलं होतं, चांगलं बोटभर. नळीने ओढलं. तुझी ताई नाक धरून बादली धरत होती. म्हणाली, "सुई जात नाही म्हणत होता ना? बघा काय काय गेलंय." चाळीस वर्षं ती मला टोमणे मारते, पण हा लागला.

सातव्या दिवशी पाणी निवळलं. नवव्या दिवशी केशरी फुलांपैकी दोन उघडली. भिंतीचे मी मध्यभागी कमान ठेवून दोन भाग केले. मागे दोन बोटं मोकळी आहेत, माझी बोटं, म्हणजे तुमची तीन होतील. एक दगड हलला नाही, हे जाता जाता सांगतो.

मासा मात्र उजव्या टोकाच्या कोपऱ्यातून उठेना. तुझी ताई म्हणायची, दुःख करतोय बिचारा. मी म्हणायचो, असू दे, त्याला तरी करू दे.

अकराव्या दिवशी त्याच टोकाचा पायाचा दगड निघायचा होता. सकाळी हात घातला. तर तो मासा, बोटभर जीव, माझ्या मनगटावर धावून आला. चावला! मी हात मागे घेतला आणि बघत बसलो. बाई, दुःखातलं माणूस असं अंगावर येत नाही. असं अंगावर येतो तो राखणदार.

दगड पूर्ण काढलाच नाही. दोन हातांनी एक बोटभर उचलला, आणि तुझ्या ताईने दिवा धरला. खाली पोकळी होती. पोकळीतून एक मिशी बाहेर आली, माशाच्या अंगाला लागली, आणि थांबली.

मी डावीकडे त्याचं दार बंद केलं होतं. तो भिंतीच्या पोटाखालून खणत खणत उजव्या टोकाला निघाला. चार फूट. एकट्याने, डोळे नसताना, माझ्या पायाखालून. आणि मासा बाहेरून त्याच्या नव्या दाराशी जाऊन बसला होता. त्याला कसं कळलं कुठे बसायचं, हे मला विचारू नका. तुझ्या ताईला विचारलं तर म्हणाली, "त्यात काय कळायचंय?"

दगड होता तसा खाली ठेवला. तो तिथेच राहील. त्याच्यामागे फट ठेवली आहे.

आता तक्रार. माझं नाव एका किड्याला देण्याआधी मला विचारायला हवं होतं. ते कुणी विचारलं नाही. शिवाय तो अर्धा आंधळा आहे आणि मी अर्धा बहिरा आहे, यात फरक आहे. तो कायम धरून ठेवणार आहे.

जांभळा दगड बसवलेला नाही. बादलीत आहे, पाणी बदलतो. तो बाईंनी बसवायचा. तुमचं ते बुटकं स्टूल मी काढून टाकलं. नवं केलं आहे, उंच, मागे टेकायला फळी आहे. वाकावं लागणार नाही. घड्याळजीने त्या दगडाला हात लावू नये. याखाली तीन रेघा मारल्या आहेत.

काल दुपारची गोष्ट सांगतो आणि पुरे करतो. तुझी ताई नळाखाली भांडी घासत होती. मी टाकीच्या बाजूच्या काचेवर तळहात टेकून बसलो होतो, हल्ली तसाच बसतो. एकाएकी तळव्याला काहीतरी लागलं. छिन्नीवर पहिला घाव बसतो तेव्हा लागतं तसं, बारीक. हात तसाच ठेवला. पुन्हा लागलं.

मी म्हटलं, "ऐकलंस?" तिला नळाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

तेव्हा उठून गेलो आणि तिच्या खांद्याला दोन बोटं लावली.

भावोजी